फुकटे कोण, हे बिलं बघून ठरवू

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातला झोपडपट्ट्यांच्या पाण्यावरचा लेख वाचला. लेखकाची भाषा छान आहे, शुद्धलेखनही चांगलं आहे. फक्त त्यांनी जन्मात कधी पिंप भरलेलं दिसत नाही.

त्यांचं म्हणणं असं, की डोंगरावरचे लोक पाणी फुकट वापरतात, पुरलं नाही तर चोरतात, आणि भुर्दंड पडतो प्रामाणिक करदात्याला. मी कळवा पूर्वेला पारसिकच्या डोंगराच्या उतारावर राहते. आमच्या गल्लीत नळ आहे, नाही असं नाही. खालच्या चाळींच्या मोटारी बंद झाल्या की वर करंगळीएवढी धार लागते, तीही पहाटे, चावीवाल्याने लाईन सोडली तर. मे महिन्यात तेवढीही नाही. मग खाली ज्याच्याकडे साठवायला टाक्या आहेत तो वर पाईप टाकतो आणि पिंपाला पन्नास रुपये घेतो. पिंप दोनशे लिटरचं. म्हणजे हजार लिटरला अडीचशे झाले. लेखकमहाशयांनी आपल्या सोसायटीचं पाण्याचं बिल कपाटातून काढावं, हजार लिटरला काय पडतं ते बघावं, आणि फुकटे कोण ते पुढच्या लेखात खुशाल लिहावं. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. पाच माणसांच्या घराला 675 लिटर होतात. आमच्याकडे एका दिवशी दोन पिंपं भरली तर शेजारीण विचारते, पाहुणे येणार आहेत का?

लेखासोबत फोटो टाकलाय. मोठ्या जलवाहिनीच्या एअर व्हॉल्व्हपाशी दोन बायका कळश्या भरतायत आणि खाली छापलंय 'पाणीचोरी'. अहो, तो व्हॉल्व्ह गळतोय. त्या बायका नसत्या तर ते पाणी गटारात गेलं असतं, आणि गटारात गेलेल्या पाण्याला मात्र तुम्ही 'गळती' म्हणता. बायकांचे चेहरे स्पष्ट दिसतात. त्यांना विचारलं होतं का?

2014 मध्ये वस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही, कारण ते घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतं. प्रकरण मुंबई महापालिकेचं होतं, ठाण्याचं नव्हतं, हे मला समजतं. पण अशा घरांना दर जास्त लावायची मुभाही त्याच निकालात आहे. मग लावा ना! दारात मीटर बसवा, महिन्याला बिल पाठवा. पिंपवाल्याला देतो त्याच्या निम्म्या दराने सुद्धा आमची गल्ली बिल भरेल, वर पेढे वाटेल.

खरं सांगायचं तर पाण्याचं मी एवढं मनावर घेतलं नसतं, सवय आहे. पण लेखाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: 'वस्त्यांमधील शौचालयांची स्थिती मात्र लक्षणीय सुधारली आहे.' ते वाचून चहा गार झाला.

आमच्या वस्तीतलं शौचालय काही वर्षं आमचा महिला बचतगट चालवायचा. हिशेबाची वही माझ्याकडे असायची, म्हणून सांगते. प्रत्येक घराचा महिन्याचा पास होता. त्यातून लाईट बिल, फिनेल, झाडणाऱ्याचा पगार, टाकी उपसायच्या गाडीचे पैसे आणि वर्षातून एकदा हमखास जळणारी पाण्याची मोटार, सगळं भागायचं. फार शिल्लक पडायची नाही, पण उधारीही नव्हती. चावी शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या मावशींकडे. रात्री दोनला जरी कुणाला जायचं झालं तरी दिवा चालू असायचा. मग कुठल्याशा नव्या ठेक्यात ते एका बाहेरच्या संस्थेला गेलं. आमची वही कुणी बघायलाही मागितली नाही. आता पास बंद, दर खेपेला पैसे, आणि रात्री दहाला कुलूप.

दहानंतर काय करायचं ते संस्थेने सांगितलेलं नाही. पुरुष कुठेही जातात. बायका टमरेल घेऊन दोघी-तिघी मिळून रुळांच्या बाजूला उतरतात. आमच्या गल्लीतल्या शुगरच्या पेशंट आजी संध्याकाळी सहानंतर पाण्याचा घोट घेत नाहीत. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. आजी मान डोलावतात आणि घरी येऊन तांब्या पालथा घालतात. स्वच्छ भारतच्या मार्गदर्शिकेत 25 बायकांमागे एक सीट असावी असं आहे, पुरुषांच्या 35 मागे एक. आमच्या बायकांच्या बाजूच्या दोन सीटना कडी नाही आणि एकीत संस्थेने झाडू-बादल्या ठेवून तिची कोठी केलीय. त्याही मोजणीत धरतात की काय, कोण जाणे.

आणि ती शौचालयाच्या स्वच्छतेची तपासणी! आदल्या रात्री एक टेम्पो आला. सकाळी बघतो तर दारात रंगीत कुंड्या, आत सुगंधी वड्या, बेसिनवर साबण, भिंतीवर आरसा. टँकरही आला होता, न मागता. बायका आरशासमोरून हलेनात. साहेब आले, फोटो झाले, अभिप्रायाच्या यंत्रावरचं हसऱ्या चेहऱ्याचं बटण आमच्यातल्याच एका पोराकडून दाबून घेतलं. दुपारी टेम्पो परत हजर. कुंड्या उचलायला लागले तेव्हा मावशींनी विचारलं, एक तरी राहू द्या, मी पाणी घालेन. टेम्पोवाला म्हणाला, 'नाही हो मावशी, अजून दोन ठिकाणी लावायच्यात.' आरसाही गेला. साबण तेवढा राहिला, तो अर्धा झाला होता म्हणून.

तुमच्या लेखकांनी पाहिलेली लक्षणीय सुधारणा बहुधा त्या टेम्पोतच असेल. त्यांनी एकदा आमच्याकडे यावं, पण रात्री दहानंतर, आणि येण्याआधी घरी तीन-चार ग्लास पाणी पिऊन.

जाता जाता आणखी एक. आमच्याकडे बारवी धरणाचं पाणी येतं. दुरुस्तीसाठी गुरुवारी रात्री बारापासून शुक्रवारी रात्री बारापर्यंत शटडाऊन असला की त्याची बातमी तुम्ही शुक्रवारी सकाळी आतल्या पानावर बोटभर छापता, आणि वर 'नागरिकांनी पाणी जपून वापरावे' असा सल्ला देता. तोवर आमचं पिंप खडखडीत असतं. शिवाय खालच्यांना शनिवारी पाणी आलं तरी दाब नसतो, डोंगरावर चढायला त्याला रविवार उजाडतो. ही सूचना बुधवारी छापत चला. जागा नसेल तर राशिभविष्य एक दिवस आखडतं घ्या.

पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर न्यायालयाचा भाग कापा, टेम्पोचा नको.

आपली,
एक नियमित वाचक,
कळवा (पूर्व), ठाणे