बाबागाडी घेताना पाठीचा कोन विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाबागाड्यांच्या जाहिरातींत आणि खोक्यांवर ‘जन्मापासून वापरा’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. पाठ किती अंशांपर्यंत आडवी होते, हे मात्र क्वचितच सापडते. नव्या बाळासाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न तोच आहे. विक्रेत्यांनी प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर पाच आकडे ठळक द्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे मागणी आहे: पाठीचा कोन, सगळे भाग जोडल्यावरचे वजन, घडीची लांबी-रुंदी-उंची, किती किलोच्या मुलापर्यंत गाडी चालते आणि खालच्या टोपलीत किती किलो सामान ठेवता येते. तोवर ग्राहकाने हे आकडे स्वतः विचारून घ्यावेत.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान धरायला त्याला साधारण तीन-चार महिने लागतात. उभट आसनात त्याची हनुवटी छातीवर टेकते, श्वासाची वाट अरुंद होते, आणि डोके पुन्हा वर उचलण्याची ताकद त्याच्यात नसते. हे सगळे आवाज न होता घडते, म्हणूनच फार जपायचे. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार बैठक आणि पाठ यांच्यातला कोन १५० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते आसन सहा महिन्यांखालच्या बाळासाठी योग्य नाही. १८० अंश म्हणजे पूर्ण सपाट. दुकानात पाठ पूर्ण खाली सोडून बाजूने पाहावे: बैठकीच्या रेषेपासून पाठ ३० अंशांहून अधिक वर उठलेली नसावी. फोनमधल्या कोनमापकाने हे मिनिटभरात कळते. मग आसनावर तळहात दाबून पाहावा. नुसते कापड ताणून केलेल्या आसनाला झोळ पडतो आणि कागदावर कोन बरोबर असला तरी बाळाचे अंग कमानीसारखे वाकते. वरून वेगळी उशी घालून हा दोष जात नाही, उलट डोके आणखी पुढे ढकलले जाते.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांसाठी खरे पर्याय दोनच. एक, सपाट तळाची, कडक गादीची खाट सांगाड्यावर बसणारी गाडी. दुसरा, पाठ खरोखर सपाट होणारे आसन. खाट सर्वांत सुरक्षित, पण बाळ पालथे पडू लागले, हातागुडघ्यांवर उठू लागले किंवा आधाराशिवाय बसू लागले की तिचा वापर थांबवावा. वजनाची मर्यादा बहुधा ९ किलो असते. त्याच सांगाड्यावर पुढे आसन बसत असेल तर पैसे वाया जात नाहीत. अशी गाडी जड असते आणि न वापरलेला भाग ठेवायला घरात जागा लागते, हे मात्र आधीच धरून चालावे.

मोटारीतले बालआसन थेट सांगाड्यावर बसवता येणारा संच सोयीचा वाटतो, कारण झोपलेल्या बाळाला उठवावे लागत नाही. पण ते आसन प्रवासातल्या सुरक्षेसाठी आहे, झोपायचे अंथरूण नव्हे. मुक्कामी पोचल्यावर बाळाला त्यातून काढून सपाट जागी निजवावे. फक्त या सोयीसाठी संच घेऊ नये.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी सहा महिन्यांनंतर उत्तम. हा प्रकार ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने १९६५ मध्ये काढला आणि हलकेपणा हाच त्याचा मोठा गुण आहे. जिने चढायचे असतील, वाहनाच्या डिकीत रोज ठेवायची असेल, तर एकेक किलो जाणवतो. यादीतले वजन पुष्कळदा टप आणि टोपली सोडून किंवा नुसत्या सांगाड्याचे असते. दुकानातच गाडी मिटून एका हाताने उचलून पाहावी, दुसऱ्या हातावर बाळ असणार हे लक्षात ठेवून. डिकीचे माप चाकांसकट जुळवावे.

घडीचे खटके नीट पाहावेत. दोन वेगवेगळे खटके असलेली गाडी अचानक मिटत नाही. उघडल्यावर ‘खट्’ ऐकू आला तरी दांडा खाली दाबून एकदा खात्री करावी. बिजागरीत बोट सापडणे हा काल्पनिक धोका नाही: २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर आवरण देण्याची मोहीम काढावी लागली, कारण मुलांच्या बोटांची टोके तुटली होती. गाडी उघडता-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नसावे.

चाकांचा हिशेब रस्त्यावर ठरतो. लहान टणक चाके दुकानाच्या फरशीवर सुरेख फिरतात आणि पदपथाच्या फटीत अडकतात. खडबडीत वाटेवर मोठी चाके हवीत. हवेचे टायर धक्के छान शोषतात, पण पंक्चर होतात आणि एका बाजूची हवा कमी झाली की गाडी त्या बाजूला ओढली जाते. टायरच्या कडेवर छापलेला दाब पाळावा. मोठ्या कॉम्प्रेसरने भरल्यास एवढी छोटी ट्यूब क्षणात फुटते. फोमची चाके पंक्चर होत नाहीत, फक्त धक्का जास्त लागतो. गाडी ढकलत धावायचे असेल, तर त्यासाठीच बनवलेली तीन चाकांची गाडी घ्यावी. धावताना पुढचे चाक सरळ अडकवून ठेवावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या वयाआधी, म्हणजे निदान सहा महिन्यांपूर्वी, धावू नये.

जुळ्यांसाठी शेजारी-शेजारी आसनांची गाडी घेण्याआधी दार आणि लिफ्ट मोजावी. एकामागे एक आसने असतील तर दोन्ही पाठी सपाट होतात का, ते पाहावे. बऱ्याचदा एकच होते.

पट्टे पाच हवेत: खांद्यांचे दोन, कमरेचे दोन आणि पायांमधला एक. पायांमधला पट्टा न लावल्यास मूल खाली घसरते आणि मान अडकते. ब्रेक एका पायाने दोन्ही मागच्या चाकांना लागावा. चाकाचे दाते जुळले नाहीत तर तो अर्धवट लागतो, म्हणून लावल्यावर गाडी किंचित पुढेमागे हलवावी. हलक्या गाडीच्या दांड्याला पिशव्या लटकवू नयेत. मूल उचलले की ती मागे कोसळते. उन्हासाठी टपावर कापड टाकू नये, आतली हवा कोंडून तापते. जाळीची खिडकी असलेला मोठा टप चांगला.

जुनी गाडी घेण्यात काहीच वावगे नाही, पण सांगाड्याच्या सांध्यांना तडे, उसवलेले पट्टे आणि सैल खटके तपासावेत, आणि ते मॉडेल कंपनीने परत मागवले आहे का हे मॉडेल क्रमांकावरून पाहावे. कुरकुरणारे चाक बहुधा खराब नसते. आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे काढून आसावर सिलिकॉनचा फवारा मारावा. खाद्यतेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून चाक आणखी अडते.

आपला,
एक वाचक