येताना पिठं आणू नकोस

मिनियापोलिस,
१२ ऑगस्ट

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू फोटो काढून पाठवलेली सामानाची यादी मिळाली. ज्वारीचं पीठ, नाचणीचं पीठ, राजगिरा, शेंगदाणे, गूळ, दोन डबे साजूक तूप आणि खाली बाबांच्या अक्षरात ‘इंद्रायणी तांदूळ, जागा उरल्यास’. यातलं जवळजवळ सगळं खोडून टाक. तांदूळ तर आणूच नका. साठवलेलं धान्य पोखरणाऱ्या खपरा भुंगेऱ्याच्या धास्तीने भारतातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. बाकीचं सगळं इथे मिळतं. फोनवर हे सांगितलं की ‘तिथे कुठलं मिळायला चांगलं’ म्हणून तू विषयच संपवतेस, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

इथे सामानासाठी मी एका दुकानावर अवलंबून नसते. तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता यांसाठी इंडियन स्टोअर आहेच. पण आमचं निम्मं स्वयंपाकघर भरतं ते सीवर्ड को-ऑप नावाच्या दुकानातून. बाबा, हे दुकान तुम्हाला फार आवडेल. ते गिऱ्हाइकांच्या मालकीचं आहे. पैसे भरून सभासद व्हायचं, संचालक निवडायला मत द्यायचं, नफा झाला तर आपल्या खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळतो. सभासद नसलेल्यांनाही खरेदी करता येते. आपल्याकडे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली आणि तुम्ही लोक जिन्याखाली बसून महिन्याचं सामान वाटून घ्यायला लागलात, त्याच सुमाराची ही गोष्ट. इथे १९७० मध्ये काही तरुण मंडळींनी एका घराच्या मागच्या पडवीत धान्य आणून मूळ किमतीत वाटायला सुरुवात केली. सीवर्ड १९७२ चं, ‘वेज’ नावाचं असंच दुसरं दुकान १९७४ चं. पुढे त्यांच्यात जुंपलीही. कामगारांना परवडणारं डबाबंद अन्न ठेवायचं की फक्त अख्खं धान्य, यावरून वाद पेटला आणि १९७५ मध्ये त्यांच्या सामाईक गोदामाचा ताबा घेण्यावरून प्रकरण हातघाईवर आलं. त्यातून तगलेली ही दुकानं आज पन्नाशी ओलांडून उभी आहेत. सहकारी साखर कारखान्यांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, मला त्या दारातून आत जाताना परकं वाटत नाही.

आत गेल्यावर एका भिंतीला धान्याची पारदर्शक खोकी ओळीने लावलेली असतात. खालचा खटका ओढला की धान्य पिशवीत पडतं. घरची बरणीही नेता येते. आधी रिकाम्या बरणीचं वजन करून लिहून ठेवायचं, म्हणजे हिशोबात ते वजा होतं. छापील पाकीट नाही, जाहिरात नाही, आणि दोन चमचे हवं असेल तर दोनच चमचे घ्या. या सोयीचा खरा उपयोग मसाल्यांना होतो. मोठ्या सुपरमार्केटात दालचिनीची काचेची चिमुकली बाटली महाग असते आणि ती फळीवर किती दिवस पडून आहे कोण जाणे. इथे धने, जिरं, मिरे, दालचिनी मी हातात घेऊन वास बघून घेते, आणि लागेल तेवढीच. फक्त ‘बे लीफ’ तमालपत्र समजून घेऊ नये. ते वेगळ्याच झाडाचं पान, त्याने आपल्या पुलावाला तो सुगंध येत नाही.

त्याच भिंतीवर राजगिरा असतो. त्याचं मूळ घर तसंही याच बाजूला, मेक्सिकोत. तिथले लोक त्याच्या लाह्या करून पाकात वळतात आणि वड्या पाडतात. लेक स्ट्रीटवर मर्काडो सेंट्रल म्हणून लॅटिन अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन १९९९ मध्ये उभा केलेला बाजार आहे, त्या भागातल्या दुकानांत ही ‘अलेग्रिया’ मिळते. आई, तू डोळे मिटून खाल्लीस तर एकादशीची चिक्की म्हणशील. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, हे सगळे याच खंडांतून आपल्याकडे आले. तेव्हा कार्तिकी एकादशीला इथे असाल तर उपासाची चिंता नको. गूळही तिथेच मिळतो. उसाचा रस आटवून शंकूच्या आकारात ओतलेला ‘पिलोन्सियो’ असतो, गडद आणि जरा काकवीच्या चवीचा. ढेप कडक असते, सुरीने तासावी लागते. पुरणात आणि गुळाच्या पोळीत तो सुरेख लागतो. चहात मात्र मी घालत नाही.

ज्वारीचं जरा खोलात सांगते, कारण तुझी भाकरी इथेही रोज होणार. अमेरिकेत ज्वारी खूप पिकते, सगळ्यात जास्त कॅन्सस राज्यात, पण ती बहुतेक जनावरांच्या पोटात किंवा परदेशी जाते. माणसांसाठी ती या नैसर्गिक अन्नाच्या दुकानांत विकतात, गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी. बॉब्ज रेड मिल या कंपनीचं पीठ सगळीकडे मिळतं. ऑरेगनमधल्या बॉब मूर यांनी ती १९७८ मध्ये सुरू केली आणि दगडी जात्यांवर दळायचा हट्ट धरला. त्यांना ती मोठ्या कंपनीला विकून मोकळं होता आलं असतं. पण २०१० मध्ये आपल्या ८१ व्या वाढदिवशी त्यांनी ती कामगारांच्या मालकीची करायला घेतली, आणि २०२० पर्यंत ती पूर्णपणे त्यांची झाली. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या पाकिटाला हात लावताना मला मनापासून आदर वाटतो. तरीही भाकरीसाठी मी अख्खी ज्वारी घेऊन घरी छोट्या गिरणीवर दळते. पाकिटातल्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना कडा फाटतात, उकड काढूनच भाकरी करावी लागते. ताज्या पिठाची तू नुसत्या गरम पाण्यात मळून थापशील.

नाचणी को-ऑपमध्ये क्वचित दिसते. तिच्या जागी टेफ घ्यायचं. खसखशीएवढा बारीक, तपकिरी दाणा, इथिओपियाचा. नाचणीही मुळात पूर्व आफ्रिकेतलीच, म्हणून असेल कदाचित, पण टेफची आंबील जवळजवळ तशीच होते. आमच्या शहरात इथिओपियन आणि सोमाली कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे त्यांच्या दुकानात पीठ ताजं मिळतं. बाबांच्या न्याहारीची सोय झाली.

आता तूप. तुझे दोन डबे कशाला वाहून आणायचे ते सांगते. इथल्या साध्या दुधाला साय येत नाही, ही आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक आईची तक्रार. त्याचं कारण भेसळ नाही. दूध प्रचंड दाबाने बारीक फटीतून काढतात, त्यात स्निग्धाचे गोळे इतके बारीक होतात की वर तरंगून येतच नाहीत. तापवलं तर नुसता पापुद्रा धरतो. पण को-ऑपमध्ये काचेच्या बाटलीत ‘क्रीम-टॉप’ दूध मिळतं. ते पाश्चराइज केलेलं असतं, पण ही दाबाची क्रिया केलेली नसते. बाटलीच्या गळ्याशी पिवळसर थर दिसतो. हे दूध मंद आचेवर तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वर साय, अगदी चमच्याने उचलता येईल अशी. ती साठवते, विरजते, घुसळते, लोणी कढवते. रवाळ तूप होतं, बेरी खाली बसते, घरभर वास पसरतो. दूध महाग पडतं हे खरं, आणि बाटलीची अनामत वेगळी भरावी लागते, बाटली परत केली की मिळते. एवढा खटाटोप नसेल करायचा त्या आठवड्यात बिनमिठाचं लोणी आणून कढवते. त्यातही युरोपीय पद्धतीचं घ्यावं. इथे लोण्यात किमान ८० टक्के स्निग्ध असावं लागतं, त्यात ते ८२च्या पुढे असतं, म्हणजे पाणी कमी आणि तूप जास्त. तयार तुपाच्या नाजूक बरण्या या दुकानांत ओळीने मांडलेल्या असतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. किंमत बघून तूही जाणार नाहीस.

शेंगदाण्याचं थोडक्यात. कोपऱ्यात एक यंत्र असतं, वर भाजलेले दाणे, खाली डबा धरला की लोणी पडतं, त्यात दुसरं काहीच नसतं. कुटासाठी तेच भाजलेले, मीठ न लावलेले दाणे आणते. सुका मेवा ट्रेडर जोज् मधून. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनात निघालेलं हे दुकान बराचसा माल स्वतःच्याच नावाने विकतं आणि बदाम, काजू, पिस्ते वाजवी भावात देतं. दिवाळीच्या अनारशांना पिठीसाखर मात्र आपल्या दुकानातूनच.

आई, एक वस्तू मला तुला स्वतःच्या हाताने करून वाढायची आहे, आणि ती इथेच मिळते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून तू देवभात शोधत फिरतेस, नाही मिळाला तर वरईवर भागवतेस. इथे आमच्या मिनेसोटा राज्याच्या उथळ तळ्यांत एक गवत आपोआप उगवतं. त्याचा दाणा म्हणजे ‘वाइल्ड राइस’. भाताच्या कुळातलंच, पण खरा भात नव्हे. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं ते पवित्र अन्न, त्यांचा शब्द ‘मनोमिन’. नांगर नाही, बैल नाही, पेरणीही नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपल्या गणपतीच्याच दिवसांत, दोघं जण होडी घेऊन तळ्यात शिरतात. एक जण लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या होडीत वाकवून अलगद झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे ओंबीवरच राहतात आणि जे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बी. होडी किती रुंद आणि काठ्या किती वजनाच्या, हेसुद्धा राज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे. मग दाणे वाळवायचे, विस्तवावर लोखंडी काहिलीत परतायचे, पायांनी तुडवून फोलपटं काढायची आणि भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचे. १८३७ मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या तहात या लोकांनी जमीन दिली, पण हे धान्य गोळा करायचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क नाकारला गेला, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांना मान्य केला.

विकत घेताना इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. काळा कुळकुळीत, चकचकीत, सगळे दाणे एकसारखे असा जो स्वस्त माल असतो, तो शेतात लावून यंत्राने कापलेला. तो शिजायला पाऊण-एक तास घेतो आणि तरी चिवट राहतो. मिनेसोटात अशा मालावर ‘पॅडी ग्रोन’ असं लिहावं लागतं. तळ्यातला, हाताने झोडलेला दाणा तपकिरी, थोडा हिरवट, कमी-जास्त रंगाचा असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत फुलतो. त्याला धुराचा आणि तळ्याकाठच्या गवताचा मंद वास आहे. को-ऑपमध्ये व्हाइट अर्थ, लीच लेक अशा त्यांच्या वस्त्यांची नावं पाकिटावर बघून मी घेते. किंमत तिप्पट-चौपट असली तरी ती द्यावी, कारण त्या पैशांतून तळी आणि हे काम दोन्ही टिकतात. तूप, मीठ आणि जिऱ्याची फोडणी, एवढंच पुरतं. तुम्ही अनंत चतुर्दशीनंतर येणार, तेव्हा या हंगामाचा नवा माल आलेला असेल.

ऑक्टोबरात शेजारच्या विस्कॉन्सिनमधून ताज्या क्रॅनबेरी येतात. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त तिथेच होतात. कच्च्या करवंदांसारख्या आंबट, आणि लोणचं तसंच घालायचं. ते तू घाल, माझ्या हाताला तुझा मोहरी फेसायचा अंदाज नाही.

बाबा, तुम्ही ‘ऑरगॅनिक म्हणजे नुसतं नाव’ म्हणता, त्याचंही उत्तर देते. कृषी खात्याचा गोल हिरवा-पांढरा शिक्का असेल तर किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात, २००२ पासून तसा नियम लागू आहे. सुट्या फळांवर चिकटवलेला आकडा बघा: साधं केळं ४०११, सेंद्रिय केळं ९४०११. ‘नॅचरल’ या शब्दाला मात्र अशी कायदेशीर व्याख्या नाही, त्यावर मी एक पैसाही जास्त देत नाही. ‘मल्टीग्रेन’चंही तेच. पाकीट उलटून घटक वाचायचे. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, तेव्हा पहिलं नाव काय आहे ते बघितलं की पुरे. हळदीच्या दुधाच्या तयार पुड्या, बाटलीबंद नारळपाणी, भाजीचे वाळवलेले काप, हे सगळं ठेवून पुढे चालायचं.

मग बॅगेत काय भरायचं? तुझा गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची आणि आगळ. या पाच गोष्टींना इथे पर्याय नाही. गोडा मसाला यंदा जरा जास्तच कर, शेजारच्या नागपूरकर काकूंनीही मागितला आहे. जागा उरली तर बाबांची पुस्तकं ठेवा.

दोघांनी तब्येतीला जपा. तिकिटांच्या प्रती पाठवल्या आहेत, मिळाल्या की कळव.

तुमची,
अनू

ता. क. आगळाची बाटली हातातल्या सामानात चालणार नाही. बूच घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांध आणि मोठ्या बॅगेत, कपड्यांपासून लांब ठेव. मसाल्याच्या पिशव्यांवर इंग्रजीत नाव लिही आणि विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा.