कच्चा मैदा नको, आणि वाटीऐवजी ग्रॅम लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांसाठी बिना ओव्हनच्या चॉकलेट ट्रफलची पाककृती आली होती, आणि सोमवारी सकाळी नऊच्या आतच आमच्या सोसायटीतली चार मुलं कात्रण घेऊन माझ्या दारात उभी, काकू हे करूया ना. दर मे महिन्यात मी मुलांना एकदा तरी ट्रफल करायला बसवते, आता ते ठरूनच गेलंय, त्यामुळे पेपरात आलंय बघून मला खरंच खूप आनंद झाला. पण चष्मा लावून कात्रण नीट वाचलं आणि त्यात दोन गोष्टी अशा निघाल्या की पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिली आणि मोठी गोष्ट मैद्याची. त्यात लिहिलंय एक वाटी मैदा, पिठीसाखर, बटर, थोडं दूध आणि चॉकलेटचे तुकडे एकत्र मळा, गोळे करा, वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवा, फ्रीजमध्ये ठेवा, झालं. भाजणं नाही, शिजवणं नाही. म्हणजे मुलांनी तो मैदा कच्चाच खायचा. बाहेर याला कुकी डो ट्रफल म्हणतात आणि नेटवर अशा ढिगाने रेसिपी आहेत हे मला माहितेय, पण मैदा पांढरा स्वच्छ दिसतो म्हणून तो खायला तयार असतो असं नाही. गहू शेतातून येतो, मातीतून, जनावरांच्या वावरातून येतो, आणि गिरणीत तो नुसता दळला जातो, त्यातले जंतू मरतील असं दळण्यात काहीच होत नाही. ई. कोलाय आणि साल्मोनेला दोन्ही कच्च्या पिठात सापडलेले आहेत. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या पिठामुळे लोक आजारी पडले आणि कंपनीला ते पीठ बाजारातून परत मागवावं लागलं होतं. आपण एरवी पोळी भाजतो, केक भाजतो, म्हणून प्रश्न येत नाही. इथे भाजणंच नाहीये.

आणि आपल्याकडे तर हे कोणी शिकवायलाही नको. बेसनाचे लाडू करताना बेसन मंद आचेवर तासभर हलवत बसतात, हात भरून आला तरी कोणी सोडत नाही, कणकेच्या लाडवाला कणीक तुपात खमंग भाजतात, मेतकुटाच्या डाळी भाजून मग दळतात. कच्चं पीठ साखरेत कालवून पोरांच्या हातात द्यायचं हे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "अगं, पोटात दुखेल की पोरांच्या." त्यांना जंतूंची नावं माहीत नाहीत पण बात तीच.

मैदा घरी कढईत भाजून घेतला तर चालेल का असं एका आईने विचारलं. मी नकोच म्हटलं, कारण कोरड्या पिठातले जंतू चिवट असतात आणि कढईत सगळीकडे सारखी उष्णता लागली की नाही ते आपल्याला कळत नाही. त्यापेक्षा मैद्याच्या जागी बिस्किटाचा चुरा घ्या. बिस्किट आधीच भाजलेलं असतं, प्रश्नच मिटला. २०० ग्रॅम मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने बारीक करायची (हे काम सहा वर्षांच्या मुलांना द्या, ती खूश होतात), तीन मोठे चमचे कोको पावडर, आणि कंडेन्स्ड मिल्क लागेल तसं, साधारण अर्धा डबा, गोळा वळता आला पाहिजे इतकंच. दाण्याचं कूट घातलं तर फारच छान लागतं, आमच्याकडे मुलं तेच मागतात. गॅस नाही, सुरी नाही. कोणाकडे श्रुजबेरी बिस्किटांचा तळाचा चुरा उरला असेल तर तोही यात भारी लागतो, फक्त त्यात लोणी भरपूर असतं म्हणून कंडेन्स्ड मिल्क कमी घालायचं.

आता दुसरी गोष्ट, मापाची. कात्रणात दुसरा प्रकार दिलाय तो खऱ्या ट्रफलचा, चॉकलेट आणि क्रीमचा, आणि तिथे लिहिलंय एक वाटी चॉकलेट, अर्धी वाटी क्रीम. संपादक साहेब, एक वाटी चॉकलेट म्हणजे किती? किसलेलं वेगळं भरतं, मोठे तुकडे टाकले की मधे पोकळी राहते, ते वेगळं भरतं. शिवाय प्रत्येक घरची वाटी वेगळी. पोह्याला चालतं हे, इथे नाही चालत, कारण ट्रफलमध्ये सगळा खेळच चॉकलेट आणि क्रीमच्या प्रमाणाचा आहे. डार्क चॉकलेट असेल तर क्रीमच्या दुप्पट वजनाचं चॉकलेट, म्हणजे २०० ग्रॅमला १०० ग्रॅम क्रीम. मिल्क चॉकलेट मुळातच मऊ असतं त्यामुळे अडीच पट, आणि व्हाइटला तिप्पट. घरात वजनकाटा नसला तरी अडत नाही, चॉकलेटच्या कागदावर ग्रॅम छापलेले असतात आणि क्रीमचा छोटा खोका २०० मिलीचा मिळतो, त्यातला अर्धा. बास. एवढं एक वाक्य छापलं असतं तर सोमवारी आमच्याकडे जे झालं ते झालं नसतं.

झालं असं की मुलांनी वाटीने मोजलं, मी मुद्दाम करू दिलं, म्हटलं बघूया. पहिलं भांडं इतकं सैल झालं की तीन तास फ्रीजमध्ये ठेवूनही चमच्यावरून ओघळत होतं. दुसऱ्या वेळी किसून दाबून भरलं, वर क्रीम जरा जास्तच तापलं, आणि ढवळता ढवळता भांड्याच्या कडेने पिवळट तेल दिसायला लागलं, मधे चॉकलेट रवाळ. मुलांचे चेहरे उतरले. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांनी आयुष्यात ट्रफल खाल्लं नाहीये, लांबूनच म्हणाल्या, "तूप सुटलंय बघ त्याला." आणि बरोबर तेच होतं! कोकोचं लोणी, म्हणजे चॉकलेटमधलं फॅट, वेगळं झालं होतं. मी दूध कोमट केलं, एक एक चमचा घालत मधूनच, लहान गोल फिरवत घोटायला सांगितलं, पहिल्या चमच्याला काही नाही, दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्या चमच्याला मधोमध एक चकचकीत ठिपका दिसला आणि तो मोठा होत होत सगळं भांडं आरशासारखं गुळगुळीत झालं. ते बघताना चारही मुलं गप्प होती, एक शब्द नाही. मला वाटतं त्या पाच मिनिटांत त्यांना जे कळलं ते मी सांगून कळलं नसतं. फाटलं की टाकून द्यायचं नसतं, त्यात पाणी आणि फॅटचं जे बिनसलंय ते थोड्या कोमट दुधाने जुळतं, हे पाककृतीत एका ओळीत लिहिता येतं. का होतं ते लिहा, मुलांना "का" आवडतं.

पाण्याचंही तसंच. वितळणाऱ्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला, वाफेचा जरी पडला, तरी ते एकदम घट्ट चिकट ढेकूळ होतं, कारण चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण असतात आणि थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात. म्हणून भांडं, चमचा, हात कोरडे ठेवायचे आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवलं तर ते पाण्याला टेकू द्यायचं नाही. मुलांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे चॉकलेट बारीक चिरून भांड्यात ठेवा, मोठ्या माणसाने क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओतावं, उकळू नये, दोन मिनिटं हात लावायचा नाही आणि मग मधून ढवळायचं. त्या दोन मिनिटांचा धीर मुलांना धरवत नाही, म्हणून आम्ही घड्याळ लावतो.

चॉकलेट कुठलं हेही कात्रणात नाही, नुसतं "डार्क स्लॅब" आहे. एका मुलाचे बाबा रविवार पेठेत आणायला गेले, दुकानदाराने विचारलं कंपाऊंड देऊ की कुव्हर्चर (म्हणजे कोकोच्या लोण्याचं खरं चॉकलेट), त्यांना काही कळेना, स्वस्त होतं ते घेऊन आले, कंपाऊंड. त्यात त्यांची चूक नाही. कंपाऊंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि पाकिटावर जिन्नस जास्त वजनाचा आधी या क्रमाने छापायचा नियम आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन शब्द वाचले तरी समजतं आपण काय विकत घेतोय. साखर आणि व्हेजिटेबल फॅट आधी आलं तर ते कंपाऊंड. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, पुण्याच्या मे महिन्यात वरून कोटिंग करायला ते सोयीचंच पडतं कारण हातात लगेच वितळत नाही आणि टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला तापवून-निववून घ्यायची, भानगड नाही. पण आतल्या गाभ्यासाठी खरं चॉकलेट पाहिजे. कोकोचं लोणी साधारण ३४ डिग्रीला वितळतं, आपलं तोंड ३७, म्हणून खरं ट्रफल जिभेवर ठेवलं की आपोआप विरघळतं, आणि कंपाऊंडचं टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. मुलांना डोळे मिटून दोन्ही खायला दिलं तर आठ वर्षांचं मूलसुद्धा ओळखतं, मी करून बघितलंय.

याच ३४ डिग्रीमुळे आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ट्रफल वळायला घेऊच नये. स्वयंपाकघरच त्याहून गरम असतं. सकाळी सातला क्रीम ओतायचं, दोन-तीन तास फ्रीज, मग चमच्याने छोटे छोटे गोळे काढून पटापट वळायचे, साधारण १२ ग्रॅमचा एक धरला तर २०० ग्रॅम चॉकलेट आणि १०० ग्रॅम क्रीमच्या वरच्या मापात पंचवीसेक होतात. मुलांचे तळवे गरम असतात, गार पाण्यात हात धरून नीट पुसायचे आणि कोको लावून वळायचं. लाडू वळताना जसा दाब देतो तसा द्यायचा नाही, नुसतं फिरवायचं. थोडे ओबडधोबड झाले तर तसेच ठेवा, ट्रफल हे नावच मुळी जमिनीखाली उगवणाऱ्या एका ओबडधोबड बुरशीवरून पडलंय, मातीचा रंग म्हणून वर कोको. आणि कोको म्हणजे बिनसाखरेची कोको पावडर, दुधात घालायची चॉकलेट पावडर नव्हे, त्यात साखर असते, तिला ओल सुटते आणि तासाभरात गोळे चिकट होतात. तिळाचं, खोबऱ्याच्या किसाचं आवरणही छान, मला स्वतःला भाजलेल्या तिळाचं सगळ्यात आवडतं.

ठेवायचे ते घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण चॉकलेट फ्रीजमधला कांद्या-लसणाचा वास लगेच ओढून घेतं. खाताना डबा बंदच बाहेर ठेवायचा थोडा वेळ, थंडगार उघडला की गोळ्यांना घाम फुटतो. क्रीमचे असल्याने आठवड्याच्या आत संपवावेत, आणि आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा आम्ही बुधवारी करतच नाही. अजून एक, सोसायटीतल्या कुत्र्यांना मुलं प्रेमाने भरवतात, चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहे, डार्क तर जास्तच, तेवढं मुलांच्या पानावर जरूर लिहा.

तुम्ही मुलांसाठी पाककृती छापता हे फार चांगलं काम आहे, सुट्टीत ओव्हन नसलेल्या घरातल्या मुलालाही स्वतःच्या हाताने काहीतरी खास करून आजीला भरवता येतं, म्हणून तर मी इतकं लांबलचक लिहितेय. माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर छोटीशी दुरुस्ती छापा, मैदा कच्चा वापरू नये म्हणून, आणि पुढच्या वेळेपासून ग्रॅम द्या. आमच्या फ्रीजवर ते कात्रण अजून लावलेलं आहे, मैद्याच्या ओळीवर लाल पेनाने काट मारून बाजूला मारी बिस्किटं असं मुलांनीच लिहिलंय. बाकीच्या घरातल्या कात्रणांवर ती काट तुम्हालाच मारता येईल.

आपली रोजची वाचक,
कर्वेनगर, पुणे