पेशव्यांच्या तंबूत बसलेला नागपूरकर

नागपूर, महाल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा आवाज इतका जड होता की तुझ्या आईच्या पोटात गोळाच आला. चिरंजीवांनी रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही माधवराव पेशव्यांवरची कादंबरी वाचून संपवली आहे, एवढेच कारण निघाले. माधवराव जाणार हे आधीपासून ठाऊक असूनही रडू का यावे, असे तू विचारलेस. फोनवर मला ते धड सांगता आले नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

सोळाव्या वर्षी पेशवाई मिळाली आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, थेऊर येथे मृत्यू आला, हे शालेय पुस्तकात दोन ओळींत उरकते. कादंबरी वाचताना मात्र थेऊर जवळ येऊ लागले की पान उलटणारा हात आपोआप मंदावतो. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना कथेचा शेवट पाठ असतो, तरी त्या प्रसंगाशी बुवा येताच पदर डोळ्यांना लागतातच. हेही तसेच आहे.

त्याहून मोठे कारण मला घरगुती वाटते. तह, सनदा आणि चौथाईचे हिशेब यांत सामान्य वाचकाचा जीव रमत नाही. परंतु पुतण्या माधवराव कर्तबगार निघाल्यामुळे काका राघोबादादा अस्वस्थ होतो, वाटणी मागतो, बाहेरच्यांची मदत घेतो आणि शेवटी १७६८ मध्ये धोडप येथे पुतण्याच्याच कैदेत पडतो, ही भाऊबंदकी समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. आपल्या आजोबांच्या शेताच्या धुऱ्यावरून चाललेला वाद तू लहानपणी पाहिला आहेस. राघोबादादा तुला ओळखीचे वाटले असतील, तर ते त्यामुळेच.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसलो ती सांगतो. ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचनालयातून आणून वाचली आणि तुझ्यासारखाच रडलो. पुढे काही वर्षांनी सरदेसायांचा ‘मराठी रियासत’ हा इतिहासग्रंथ हाती आला, तेव्हा ध्यानात आले की राघोबादादांना साथ देणाऱ्यांत आपले नागपूरकर जानोजी भोसले होते आणि त्याचा जाब विचारायला माधवरावांची फौज वऱ्हाडातून थेट नागपुरावर चालून आली होती. नागपूर लुटले गेले. जानोजींनी उलट पुण्याच्या रोखाने मुसंडी मारली, तेव्हा तिकडच्या लोकांची पळापळ झाली. अखेर १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. म्हणजे नागपुरातल्या ज्या महाल भागात बसून मी माधवरावांसाठी डोळे पुसत होतो, त्याच भागातल्या तेव्हाच्या माणसांनी त्यांच्याच फौजेच्या भीतीने दारे लावून घेतली असतील, आणि वाचताना हे मला एकदाही टोचले नव्हते!

मला वाटते, या कादंबऱ्यांची सारी मोहिनी येथे आहे. लेखक आपल्याला एका माणसाच्या तंबूत नेऊन बसवतो. त्याचा खोकला, त्याचे औषध, त्याच्या बायकोची काळजी आपल्याला जवळून दाखवतो. मग त्या तंबूबाहेर जो उभा असतो तो आपल्या गावचा असला तरी परका होतो. पती-पत्नी रात्री समईच्या उजेडात काय बोलले हे टिपून ठेवायला तेथे कोणी कारकून बसलेला नव्हता. ते संवाद लेखकाचे असतात आणि नेमके तेच आपल्याला आयुष्यभर आठवतात. त्यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण बखरकारही थोड्याफार फरकाने हेच करीत आले. (नायक नुसता शिंकला तरी ज्यांत तोफा धडाडतात, अशा काही जाडजूड ग्रंथांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते तुझ्या आईसमोर मी बोलत नाही, कारण तिला ते आवडतात.)

जानोजींच्या तंबूत बसवणारी तशी कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही. मिळाली, तर मी पुण्याच्या फौजेवर दात खात बसेन, याची मला खात्री आहे.

रियासतीचा तो खंड कुरियरने पाठवतो आहे. १७६९ च्या पानांत बसचे जुने तिकीट खूण म्हणून ठेवले आहे, ते हरवू नकोस. वाचून झाले की फोन कर, परंतु रात्री नऊच्या आत.

तुझे,
बाबा