बाबांची निळी पिशवी

आई, बाबा,

फोनवर लॉकडाऊनमधल्या तुमच्या बुडालेल्या पगाराचा विषय काढला की बाबा "जाऊ दे गं, झालं गेलं" म्हणत टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तूच वाचून दाखव, त्यांचा चष्मा काही सापडायचा नाही.

दिवाळीत माळा आवरताना पगाराच्या स्लिपांची ती निळी पिशवी मी गुपचूप पुण्याला आणली. एप्रिल 2020 ची स्लिप बघितली, हजेरी शून्य, देय शून्य. बाबा, 29 मार्चला केंद्राची ऑर्डर होती की लॉकडाऊनमध्ये काम बंद असलं तरी पगार कापायचा नाही. ती 18 मेपासून मागे घेतली, मग जूनमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं मालक-कामगारांनी बोलून मिटवा, आता तुमचा ठेकेदार फोनच उचलत नव्हता तर बोलणार कोणाशी! आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. अंबडला कंपनीच्या गेटवर जाऊन तुम्ही दोनदा परत आलात, वॉचमनने आत सोडलं नाही. तरी सप्टेंबरात परत घेतलं म्हणून तुमच्यासाठी तो ठेकेदार देवमाणूस.

माझीही चूक आहेच. पीएफचा कोविड अ‍ॅडव्हान्स मोबाईलवरून मीच भरला होता, तीन महिन्यांचं बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) किंवा शिल्लकच्या 75 टक्के, यातलं जे कमी ते, तुमचे आले 34,200. घरभाडं, किराणा आणि माझी फी, दोन महिन्यात संपले. परत भरायचे नव्हते म्हणून आपण खूश. ईएसआयचं (म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) मात्र कोणालाच माहीत नव्हतं, नोकरी गेलेल्याला 90 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मे मिळत होते त्या वर्षी (आधी 25 टक्केच होते). तुमचा रोज 420 धरला तर 18,900 होतात, बाबा. अटींमध्ये तुम्ही बसत होतात असं मला वाटतं. आता दिवसभर दुसऱ्यांचे पगार काढते तेव्हा हे कळतंय, तेव्हा कळलं असतं तर निदान एक फॉर्म तरी भरला असता.

आई, तुझी तर स्लिपच नाही. गंगापूर रोडच्या चार घरांपैकी एका मॅडमनी पूर्ण पगार दिला, बाकीच्यांनी "ये आता नंतर" एवढंच. 2021 ला राज्याने घरकामवाल्यांना 1,500 दिले तेही नोंदणी असलेल्यांनाच. ह्यावेळी आले की तुझी नोंदणी करायचीच, साठीच्या आत करावी लागते, आधार आणि बँकेचं पासबुक काढून ठेव. "मला काय मिळणारे" हे ऐकणार नाही.

आणि बाबा, खरं लिहायचं ते हे. फेब्रुवारी 2020 च्या स्लिपवर पीएफ 1,368 कापलाय आणि तुमच्या पीएफच्या पासबुकात तो महिनाच नाही. पैसे तुमच्या पगारातून गेले आणि भरले नाहीत. पीएफकडे तक्रार करायची आहे, ऑनलाइन होते, स्लिप हाच पुरावा. ठेकेदाराचं नाव टाकू का नको एवढंच विचारतेय, म्हणजे विचारत नाहीये खरं तर, टाकणारच आहे, पण तुमचा ओटीपी लागेल. रविवारी दुपारी फोन करते, तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा.

तुमची,
ताई