बाबा, याला सेवा म्हणू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. रेंज गेली नव्हती. मलाच पुढे बोलवेना, म्हणून मी फोन ठेवला. चार दिवस तेच मनात घोळतंय, तेव्हा आज सरळ लिहायला बसले.

त्या एकाच फोनवर तुम्ही दोघांनी मला दोन गोष्टी सांगितल्यात. आधी बाबा म्हणाले, "आत्याच्या गोळ्या याही बारीनं पुऱ्या भेटल्या नाहीत. तिथली पोरगी नोकरी सोडून गेली म्हने. दोन घंटे बसलो अन् परत आलो." मग आईनं फोन घेतला. "पुण्याच्या नोकरीले नाही कायले म्हटलं? त्या कंत्राटीत काय ठेवलं आहे?" दोघंही मनापासून बोललात. पण बाबा, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात टेबलामागे बसायची ती पोरगीही कुणाच्या तरी घरची ताईच होती. तिच्या आईनंही तिला हेच विचारलं असेल. आणि तिनं आईचं ऐकलं.

मी तिला दोष देत नाही. ती का गेली, हे मला न विचारता कळतं.

माझं काम नेमकं काय, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कागदावर आमची पूर्ण टीम असते: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, माझ्यासारखी सामाजिक कार्यकर्ती, नर्स, नोंदी ठेवणारा, मदतनीस. आमच्याकडे डॉक्टरांची जागा दोन वर्षं रिकामी आहे. मानसशास्त्रज्ञ मॅडम गेल्या दिवाळीनंतर गेल्या. आता मी, नर्सताई आणि नोंदी ठेवणारा मुलगा, असे तिघं जीपमध्ये बसून दर मंगळवारी एका ग्रामीण रुग्णालयात जातो. तिथले वैद्यकीय अधिकारी थोडं प्रशिक्षण घेतलेले, भले गृहस्थ आहेत. पण त्यांच्यामागे बाळंतपणं आणि साप चावलेले पेशंटही असतात. दहा ते दोन या वेळात सत्तरेक माणसं येतात. हिशेब करा बाबा, तुम्ही जन्मभर तिकिटांचा हिशेब केला आहे. माणशी साडेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत.

साडेतीन मिनिटांत गोळ्या लिहून होतात. झोप लागते का, जेवता का, एवढं विचारून होतं. एक बाई सहा महिने यायची. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, जीव घाबरा होतो. दर वेळी गोळी घेऊन जायची. एकदा पाऊस लागला, गर्दी नव्हती. मी तिला मागच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन बसले. पहिली वीस मिनिटं ती काही बोललीच नाही. मग म्हणाली की नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं तेव्हा डबा तिनंच घरात आणून ठेवला होता. हे ती कुणाजवळच बोलली नव्हती. त्या दिवशी पाऊस पडला नसता, तर माझ्याजवळही बोलली नसती. आमच्याकडे माणसं कमी आहेत म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की मला ती बाई आठवते.

तुम्हाला वाटेल, आपल्याच जिल्ह्याचं नशीब फुटकं. तसं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा आजारानुसार ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. २०२३ मध्ये संसदेच्या समितीनं लिहिलं की आपल्याकडे लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि ३ तरी हवेत. म्हणजे चार लाख माणसांना तीन डॉक्टर, जिथे बारा पाहिजेत. त्यातलेही बहुतेक शहरात. आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार मोठी मनोरुग्णालयं. या सगळ्यांच्या मिळून मंजूर खाटा ५,६९५. बाकी सगळा महाराष्ट्र आमच्या जीपवर आणि बाबांच्या त्या बाकड्यावर आहे.

आता पगाराचं. आई, तू विचारलंस म्हणून स्पष्टच लिहिते. मला महिन्याला २८ हजार मिळतात. एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षं एम.फिल. केलं, त्याच्या कर्जाचा हप्ता साडेसहा हजार, खोलीचं भाडं साडेचार. ऑर्डर अकरा महिन्यांची. मग एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. मार्च-एप्रिलमध्ये निधी आला नाही की पगार थांबतो, तेव्हा किराणावाल्या काकांना मी तोंड दाखवत नाही. बँकेनं कर्ज नाकारलं, ते तुम्हाला माहीत आहे. बघायला आलेल्यांनी "कंत्राटी आहे का?" असं विचारून चहा तसाच ठेवला, तेही तुम्ही पाहिलंत. पुण्याच्या कंपनीत याच्या दुप्पट मिळणार होते. तिथल्या माणसांनाही त्रास असतो, त्यांच्याशी बोलणारं कुणी हवंच. माझ्या मैत्रिणी ते काम चांगलं करतात.

मी तरी नाही म्हटलं. त्याला कारण आत्या आहे.

मी पाचवीत असेन. बाबा तिला एसटीनं सैलानीच्या दर्ग्याला घेऊन जायचे, होळीच्या वेळी, लागोपाठ तीन वर्षं. नारळांची ती होळी, धूर, आणि बाबांचा हात घट्ट धरून किंचाळणारी आत्या. परत आल्यावर तिच्या मनगटावर वळ असायचे. पुढे कुणीतरी जिल्ह्याच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले की हा आजार आहे, याला औषध आहे. चार महिन्यांनी आत्यानं स्वतः उठून चूल पेटवली आणि भाकरी थापली. आई, तू पदर तोंडाला लावून रडलीस, ते मी दारातून पाहिलं होतं. ते डॉक्टर आणि त्यांच्याजवळ बसणारी बाई तिथे पगारावर होते, पर्मनंट होते, वर्षानुवर्षं तिथेच होते. म्हणून आत्याला दर वेळी आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली नाही.

बाबा, चौकात कुणी विचारलं की तुम्ही म्हणता, "आमची ताई सेवा करते." तुमचा अभिमान मला कळतो. तरी ही एक विनंती ऐका, तो शब्द वापरू नका. तुम्ही बत्तीस वर्षं कंडक्टर होतात, तुम्ही त्याला नोकरी म्हणालात. डेपोत ड्युटी लागायची, तिला ड्युटीच म्हणालात. आमच्या कामाला सेवा म्हटलं की पगार विचारणारी पोरगी लोभी ठरते. माझ्याबरोबरच्या नर्सताई दोन लेकरांना सासूजवळ ठेवून येतात. पिसाळलेल्या पेशंटनं त्यांचा हात पिरगाळला, तर दुसऱ्या दिवशी त्याच हातानं त्याला इंजेक्शन देतात. हे कसबाचं काम आहे. ते शिकायला वर्षं लागतात. त्याचा दाम मागण्यात लाज कसली?

२०१७ ची दिवाळी आठवते? एसटीचा संप होता. तुम्ही डेपोच्या फाटकाशी बसला होतात आणि मी नागपूरला होस्टेलवर अडकले होते, घरी यायला गाडी नव्हती. मी फोनवर रडले. तुम्ही म्हणालात, "लोकाइचे हाल होऊन राह्यले, मले दिसते. पन आमचे हाल कोनाले दिसत नाहीत." तेव्हा मला तुमचा राग आला होता. २०२५ च्या ऑगस्टात आम्हा कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा ते वाक्य मला समजलं. दहा वर्षं सेवा झालेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला होता, त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून आम्ही १९ ऑगस्टपासून बसलो. त्याच दिवसांत एका पोराच्या इंजेक्शनची तारीख होती. त्याला दर महिन्याला एक टोचावं लागतं, बस. मी त्याच्या भावाला फोन केला, दुसऱ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. ते गेले नाहीत. संपानंतर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पोरगा गोठ्यात होता, म्हशीच्या दाव्यानं खांबाला बांधलेला. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. गाठ सुटेना, मी विळ्यानं दावं कापलं.

संपाला बसणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तरी ते दावं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा, तुम्ही सोडून हे दुसऱ्या कुणाला सांगावं असं वाटलं नाही.

तुम्ही म्हणता, धीर धर, काहीतरी होईल. मी धीर धरायला तयार आहे, पण तारखेनिशी. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. त्यात लिहिलंय की लोकसंख्येच्या मानानं जगात जेवढे तज्ज्ञ असावेत असं मानतात, तेवढे नेमण्यासाठी सरकारनं दहा वर्षांत प्रयत्न करावेत. म्हणजे मे २०२८. तोवर मी इथे आहे. पुढचं वचन मी देत नाही, आणि तेव्हा मी गेले तर मला पळपुटी म्हणू नका.

आता आत्याचं. तिचा हात थरथरतो, भाकरी थापताना तुटते, असं आई म्हणालीस. एक गोळी मिळते आणि तिच्याबरोबरची दुसरी, थरथर थांबवणारी, मिळत नाही, असं झालेलं दिसतंय. पण बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. थरथर होते म्हणून पहिली गोळी बंद करू नका, तिलाही करू देऊ नका. रात्री ती फार घाबरली तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. बाबा, जुने कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवा. सोमवारी तुमच्याबरोबर त्या बाकड्यावर मी बसेन.

तुमची,
ताई