कॅम्पर की ट्रेलर? पक्याला पत्र

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
२० जून

प्रिय पक्या,

सोडतीत शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, लागला, जिंकलास! म्हणजे ऑक्टोबरअखेर तू आणि तुझा मेहुणा इथे कोलोरॅडोत वॉल्डनला एल्कच्या, त्या मोठ्या हरणांच्या, मागे येणार हे नक्की. मी स्वतः कॅम्परवाला, म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसणारी खोली घेऊन फिरणारा, तेव्हा 'कॅम्परच घे' म्हणणार अशा खात्रीनेच तू विचारलंयस. तर ऐक, तू ट्रेलर घे, ट्रकमागे ओढायची चाकांवरची खोली. छोटा, सोळा फुटांच्या आतला.

आधी खाली जा आणि ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघड. चौकटीवर एक स्टिकर आहे: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर भरू नका. तुझ्यासारख्या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, ट्रकवर तो आकडा बऱ्याचदा १,५०० ते २,००० च्या दरम्यान असतो. तुझा १,६०० धरू. तू पाहिलेल्या त्या उचलत्या छपराच्या कॅम्परचं कागदावरचं वजन १,२००, पण ते कोरडं. त्यात बॅटऱ्या, प्रोपेन, अंथरूण-पांघरूण घाल. वीस गॅलन पाणीच १६५ पौंडांच्या वर जातं. तुम्ही दोघं चढायच्या आधीच हिशेब संपत आला, आणि तुमची दोघांची पोटं मी पाहिलेली आहेत. डीलर म्हणतो, 'आरामात बसतो.' बसतो की! घाट उतरताना थांबतो का, ते विचार.

याउलट ३,५०० पौंडांच्या भरलेल्या ट्रेलरचा हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर, भार येतो दहा ते पंधरा टक्के, म्हणजे साडेतीनशे ते सव्वापाचशे. बाकीचं त्याची चाकं बघतात. वर हौदा मोकळा राहतो, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच दोनशे पौंडांच्या घरात जातं, शिवाय बर्फाने भरलेले कूलर. माझा हौदा कॅम्परने अडवलेला, म्हणून मांस मागच्या सीटवर ताडपत्री घालून आणलं होतं. वास महिनाभर गेला नाही, टोमणे अजून चालू आहेत.

शिवाय तुम्ही रायफलवाले एका जागी तळ ठोकणार. पहाटे चारला उठून ट्रक हवा. कॅम्पर असला की रोज छप्पर खाली, भांडी आत, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचं. उतरवून ठेवता येतो म्हणा, चार कोपऱ्यांना जॅक असतात. पण परत चढवताना? काळोख, बर्फ, ट्रक उलटा घेत इंचाइंचाने त्याच्याखाली सरकवायचा, हौद्यातल्या चाकांच्या उंचवट्यांपाशी दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा, आणि मागे मेहुणा बॅटरी धरून 'अजून, अजून' ओरडतोय. त्याच्या 'अजून'वर तुझा किती भरवसा आहे ते तूच ठरव.

माझं वेगळं आहे. मी सप्टेंबरात, धनुष्य घेऊन, एकटा, आणि ट्रक वन-टन, तुझ्याहून जास्त भार पेलणारा. आज या खोऱ्यात नर ओरडले नाहीत तर उद्या पलीकडच्या. जिथे रस्ता संपतो तिथेच झोपतो. तुझ्या शिकारीत ही भटकंतीच नाही.

ट्रेलरचं दुखणं मात्र वळवण्यात आहे. जंगलातल्या चाकोरीवर समोर आडवं झाड आलं तर पाव मैल उलटं यावं लागतं. फॉरेस्ट सर्व्हिसचा गाड्यांच्या रस्त्यांचा फुकट नकाशा मिळतो, तो घे. रस्ता आधी मोकळ्या ट्रकने बघून ये, मग ट्रेलर ओढ. दुसरं म्हणजे वारा. ओमाहाहून तू आय-८० हायवेने येणार, आणि चेयेन ते लॅरॅमी हा पट्टा वाऱ्यामुळे हलक्या, उंच गाड्यांना बंदही करतात. बंद म्हणाले तर चेयेनलाच मुक्काम कर, शहाणपणा दाखवू नकोस. ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून लावणारा ब्रेक कंट्रोलर पाहिजेच, त्यात चालढकल नको.

थंडीत पाइप गोठतात, तेव्हा टाकी रिकामी ठेवून पाणी कॅनमध्ये आण. फर्नेसचा, म्हणजे आतल्या हीटरचा, पंखा रात्रीत बॅटरी पितो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नवा बसव, जुन्यावर विसंबू नकोस.

जुना ट्रेलर बघायला गेलास की आत छताचे कोपरे अंगठ्याने दाबून बघ. मऊ लागले तर किंमत न विचारता निघ. टायरवर 'डीओटी'पुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. सहा-सात वर्षांहून जुने असतील तर नव्या टायरचे पैसे भावातून काप.

फोटो पाठव, मी बघून सांगतो. आणि येताना वहिनींकडून कांदा-लसूण मसाला आण, इकडचा संपला.

तुझा,
मिल्या